वहीतलं अक्षर

साइडरच्या हिशेबाची वही बाबांची.
सत्त्याऐंशी साली अक्षर टपोरं,
ओळीबाहेर उड्या मारणारं.
मग पानागणिक बारीक होत गेलं,
मोहरीएवढं, खसखशीएवढं,
आणि त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात नुसती एक रेघ,
तीही हललेली.
आम्हाला वाटलं, शाई वाचवतायत.
एउस्ताकिओचा चिक्कूपणा
उरोलाच्या दोन्ही काठांना ठाऊक होता.

बिशेन्ते परवा दोनोस्तियाहून आला,
इस्पितळाचा लिफाफा स्वेटरच्या आत.
म्हणाला, एक अक्षर बदललंय.
एवढ्या मोठ्या ग्रंथात एकच,
आणि नेमकं बाबांचं तेच माझं.
त्या प्रथिनाचं नाव आपल्या भाषेतून उचललंय, नेकाने:
दरदरा. थरथर.
एरवी आपल्या भाषेला विचारतंय कोण!

मग तो बागेत गेला, सफरचंदाला कलम बांधायला.
पासष्टीचे हात. पातं जराही कापलं नाही.
कलम केलं की झाड हुबेहूब तेच, तो म्हणतो;
बी पेरलं तर कुणावर जाईल देव जाणे,
आंबट, तुरट, एखादं गोडही.
आम्ही बियांची पोरं.

इन्याशी आत्या एक्क्याण्णवची.
तिच्यातही तेच अक्षर.
डॉक्टरीणबाई टक्के सांगत होत्या,
ऐंशीपर्यंत शंभरातले इतके,
तोवर आत्यानं सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला,
आणि विचारलं, मी कुठल्या टक्क्यात?
ठाऊक नाही, म्हणाल्या बाई.
त्या दिवशीचं तेवढंच बोलणं मला पटलं.

माझं रक्त अजून नळीत गेलेलं नाही.
बाबांचा हात हलायच्या कितीतरी आधी
त्यांना वास येईनासा झाला होता;
पिंप नासलं तरी हुंगून म्हणायचे, छान.
म्हणून रोज सकाळी तळघराच्या दाराशी
थांबते मी.
ओल. लाकूड. कुजकं सफरचंद.
एकदा काहीच आलं नाही, दरदरून घाम फुटला.
सर्दी होती.

संध्याकाळी माझी वही उघडते.
मंगळवार. आठशे चाळीस किलो.
गेसामिना कमी, उर्तेबी जास्त.
मुद्दाम मोठं काढते अक्षर,
ओळीत मावणार नाही इतकं.
बिशेन्ते खांद्यावरून डोकावतो:
शाई काय फुकट येते?