शंभर विटा

पहाटे साडेचारला मी रिम वाजवते.
लॉरीची जुनी रिम, आंब्याच्या फांदीला टांगलेली,
आमच्या चर्चची घंटा हीच.
खरी घंटा स्कॉटलंडहून यायची होती,
माझ्या वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या आधी निघाली म्हणे.
अजून वाटेत आहे.

मग आत जाऊन मातीच्या बाकावर बसते.
पाद्री चिसाले सांगतात, आधी स्तुती, मग मागणं.
करते स्तुती.
सरोवर केवढं अफाट केलंस,
त्यात चांबो मासा किती गोड घातलास,
एवढं झालं की मुद्द्यावर येते,
कारण उजाडायला थोडाच वेळ असतो
आणि माझी यादी लांब.

देवा, आमच्या पैशाचं नाव क्वाचा.
क्वाचा म्हणजे उजाडलं.
काल साखरेच्या एका पुड्यासाठी
मी दुकानात इतकी उजाडणी मोजली, इतकी,
की बोटं काळी झाली,
आणि बाहेर आले तर गावात वीज नव्हती.

मला श्रीमंती नको, असं म्हणणार नाही.
तुझ्यापुढे खोटं कशाला.
मला छपराला पत्रा हवाय.
आतून कडी लागेल असं दार हवंय.
खताची अख्खी गोणी, तिघींत वाटून घेतलेली नव्हे.
आणि लिम्बानी.
तो जोहान्सबर्गला दुसऱ्यांच्या कुंपणांना रंग देतो,
फोनवर विचारतो, आई, तिकडे काय नवीन?
त्याला परत पाठव, असं मागत नाही मी.
त्याला परतावंसं वाटेल असं काहीतरी
इथे उभं राहू दे.

दवाखान्यातल्या फ्रिजला रॉकेल मिळू दे.
मंत्र्यांच्या गाड्या आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत
एकदा तरी अडकू देत, फार नाही, अर्धा दिवस,
दुपारच्या उन्हात.
(हे मागणं पाद्रींना सांगू नकोस.)

आणि पूल.
पुलाचं तुला माहीतच आहे.
ताडालाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून
नदीतून पलीकडे नेलं, कळा सुरू असताना.
बाळ पोचलं. ती नाही.
त्या दिवसापासून मी तुझ्याशी अबोला धरलाय.
ही रोजची प्रार्थना चालते ती
अबोला धरूनच.

आता विटांचं.
मुलं झाडाखाली शिकतात, वारा सुटला की फळ्यावरचा खडू उडतो,
म्हणून मुखियाने ठरवलं, दर घरामागे शंभर विटा.
वारुळाची माती, नदीचं पाणी, भट्टीला लाकूड ज्याचं त्याचं.
शेख असेदी एकशेवीस घेऊन आले.
मशिदीपासून ढकलगाडी स्वतः ओढत, सत्तरीचा माणूस.
विचारलं, वीस जास्त कशा?
म्हणाले, ज्या घरात थापायला कुणी उरलं नाही
त्या घराच्या धर.
आणि ताडालाच्या अंगणाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी,
सरळ मागे फिरले.

माझ्या त्र्याण्णव झाल्या.
सात भट्टीआधीच पावसाने विरघळवल्या.
पाऊसही तूच मागून मागून दिलेला,
म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाहीस.

एका विटेवर माझा अंगठा उमटलाय, ओली असताना.
ती भिंतीत कुठे लागेल कुणास ठाऊक.
लागेल तिथे कुणी मुलगी पाठ टेकून
पाढे म्हणेल, चुकेल, पुन्हा म्हणेल,
आणि तिला कळणारही नाही
की कुणाचा तरी अंगठा तिच्या पाठीशी आहे.
तूही असाच असशील का आमच्या पाठीशी?
की हे मी उगाच तुझी बाजू घेतेय?

पूर्वेला सरोवर तांबडं व्हायला लागलं.
रात्रीच्या होड्या परतताहेत, दिवे विझवत एकेक.
यादी अर्धीसुद्धा झाली नाही.
आमेन राहू दे जरा,
सात विटांची माती भिजवायची आहे,
ऊन चढायच्या आत पाणी आणते.