नो ड्यूज

मी कायदा शिकले नाही.
एकतीस वर्षं कायदा शिकणाऱ्यांची नावं शिकले.
दहावीच्या मार्कशीटवरचा श्रीवास्तव वेगळा, आधारवरचा वेगळा,
पदवीवर तिसराच निघू नये म्हणून
चष्मा पुसून पुसून काच झिजवली.

लष्करातल्या या कॉलेजात दहाला खिडकी उघडते.
बोनाफाईड. मायग्रेशन. हॉस्टेलच्या राजम्यातला किडा,
कागदाच्या पुडीत, पुराव्यादाखल.
मूट कोर्टासाठी उसना काळा कोट,
त्याच्या खिशात मागच्या वर्षीच्या कुणाची तरी वेलची.
आणि हजेरी: चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा.
"मॅडम, पॉइंट चारच तर आहे."
जेवणानंतर ये, म्हटलं तिला.
पॉइंट चारसाठी एकेकाची आजी
मी तीन-तीनदा वारलेली पाहिली आहे.

कोपऱ्यातलं लोखंडी कपाट तेवढं माझं एकटीचं.
त्यात न नेलेल्या पदव्या.
दर चैत्रात डांबरगोळ्या बदलते.

मंगळवारी भर सुट्टीत एक माणूस आला. बसला नाही.
रघुवीर धाकड, कैलारस, दोन हजार सहा.
पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं पुस्तक काढलं,
पुराव्याच्या कायद्याचं, आमच्याच लायब्ररीचा शिक्का.
"जुर्माना जोड के लाया हूँ."
पन्नास पैसे रोज, एकोणीस वर्षं:
तीन हजार चारशे सदुसष्ट रुपये पन्नास पैसे.
लीप वर्षांचे दिवस धरायचे राहिले,
त्याचीही माफी मागितली.
हायकोर्टाच्या फाटकाबाहेर टाइप करतो, म्हणाला.
दुसऱ्यांची शपथपत्रं.

मुदगलबाई लायब्ररीतून आल्या, पुस्तक उलटंसुलटं पाहिलं.
हे जमा कशात करू? हा कायदाच गेला,
नवा आलाय, जुने सगळे रद्दीच्या यादीत.

ज्या छोट्या लाइनीने तो यायचा तीही गेली.
तिच्यापायी त्याची पहिली तासिका बुडायची
आणि मी, तेव्हाची कारकून,
लाल शाईने गैरहजर लिहायचे.
पुस्तकात खुणेला तिचंच तिकीट, पुठ्ठ्याचं.
कलम एकशे चौदा.
सरकारी कामं रीतसर पार पडली
असं न्यायालयाला गृहीत धरता येईल.
खाली पेन्सिलीची रेघ,
पट्टी लावून ओढलेली.

पदवीला शाई लागू नये म्हणून
तो हात धुवायला गेला.
मी फाइल उघडली.
'विद्यार्थ्यास तीनदा कळविले.' अक्षर माझं.
आणि त्याच्याच मागे टाचलेलं आंतरदेशीय,
डिंकाची कड अजून कोरडी.
'दंड पुस्तकाच्या किमतीहून अधिक होत नाही.
साठ रुपये भरून पदवी न्यावी.'
अक्षर तेही माझंच.

काय चाललं होतं माझं तेव्हा?
आठवत नाही.
परीक्षा असतील. किंवा नुसतीच दुपार.

तो ओले हात सदऱ्याला पुसत आला.
रजिस्टरात सही घेतली, शिक्का मारला,
पावती फाडली साठाची.
उरलेल्या नोटा त्याच्याकडे सरकवल्या.
गप्प बसता आलं असतं,
फाइल काही बोलणार नव्हती.
नोटांवर ते पत्र ठेवलं.

त्याने उभ्यानेच वाचलं,
टाइप करणारे वाचतात तसं, चुका शोधत.
मग मूळच्या घडीवर घडी घातली.
"पता तो सही लिखा है," म्हणाला.

आणि पुस्तकातलं तिकीट तेवढं मागून घेतलं.

तो गेल्यावर बराच वेळ शिक्का माझ्या हातात होता.
पॉइंट चारवाली दारात उभी.
ये, म्हटलं. बस आधी.
कुठून येतेस तू रोज?