मुका माज

माझ्या मोटरसायकलला मागे एक नळकांडं बांधलेलं असतं,
किनानगोपची पोरं त्याला बॉम्ब म्हणतात.
आत उणे एकशे शहाण्णव अंशांवर निजलेत
मी कधीच न पाहिलेले बैल.
त्यातला एक हॉलंडचा, मरून सहा वर्षं झाली म्हणे,
तरी त्याची वासरं अजून या चढावरच्या गोठ्यांत
धडपडत उभी राहतात.
म्हाताऱ्या फाटकातूनच ओरडतात: आला गं, चाकांवरचा वळू!
हसू देत. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या,
तिथे थट्टेचं काय घेऊन बसता.

न्याविरा मात्र हसली नाही.
चौकटींची शाळकरी वही पुढे धरून उभी राहिली.
जुमापिली. रविवारी जन्मली म्हणून जुमापिली.
तिसरं वेत. दोनदा भरवली, दोनदा उलटली.
"तुझा हात चुकतोय, किरागू."
मी म्हणालो, "तुझा डोळा चुकतोय."
आणि परतताना वाटेत थांबून
कांडी वितळवायचा थर्मास उघडून पाहिला,
पाणी खरंच पुरेसं कोमट होतं का त्या दिवशी.

तिच्या गोठ्यात बोट ठेवायला जागा नाही.
ओल्या फडक्यानं पुसून, मग कोरडी केलेली कास.
पहिल्या धारा काळ्या वाटीत,
गुठळी दिसली की दगडीची चाहूल.
मग सात मिनिटांत सगळं दूध, पान्हा आटायच्या आत,
सड आयोडीनमध्ये बुडवायचे
आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकायची,
म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते,
सडांची तोंडं मिटेपर्यंत खाली बसत नाही.
हे मी तिला शिकवलेलं नाही.
मी नवा होतो तेव्हा तिनंच मला सांगितलं होतं,
माझ्याकडे न बघता, धार काढता काढता.

पण माज दिसेना.
जुमापिली हंबरत नसे, दूध चोरत नसे,
दिवसभर निवांत रवंथ.
दुसऱ्या गाईवर उडेल म्हणावं, तर गोठ्यात दुसरी गायच नाही.
एकटी गाय सांगणार कुणाला?

जुलैत, नेपियर गवत हिमानं करपलं त्या आठवड्यात,
वहीतला एकविसावा दिवस जवळ आला तशी
न्याविरानं बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर गादी टाकली,
गोठ्यातच, शेणाच्या उबेला.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या रात्री तिला डोळा लागला, त्याचं तिला अजून वाईट वाटतं.
तिसऱ्या रात्री तीनला, बॅटरीच्या उजेडात,
शेपटीखाली सोट, काचेसारखा, खुरांपर्यंत लोंबलेला,
आणि गाय उभी, कान मागे वळवून,
जणू दारावरची थाप तिला एकटीलाच ऐकू आली.
उजाडेस्तोवर शेपटीनं सगळं पुसून टाकलं.
माज होता, पण रात्रपाळीचा.

फोनवर ती एवढंच म्हणाली: "तीन."
मी दुपारी दोनला पोहोचलो.
त्या वेळी आम्ही कुणाचाच दोष काढला नाही.

आमच्या धंद्यात ज्याचं काम फत्ते झालं
तो फोन करत नाही. बिघडलेलेच आठवण काढतात.
एकविसाव्या दिवशी मी तीनदा फोन खिशातून काढला,
बाविसाव्या दिवशी चालू आहे की बंद तेही तपासलं.
ती पुन्हा पोत्यांवर निजत असणार हे मला ठाऊक होतं.

नव्वदाव्या दिवशी खांद्यापर्यंत हात आत.
तळहाताखाली उंदराहून थोडं मोठं काहीतरी,
पाण्यात तरंगत होतं, हातातून निसटलं.
मी मान हलवली.
न्याविरानं आधी गाईच्या पुढ्यात मिठाचा खडा ठेवला,
मग विचारलं, "कालवड का गोऱ्हा?"
"हाताला ते कळत नाही."
ती वही घेऊन बसली, बोटांवर महिने मोजत.
सातवा भरला की आटवायची, दोन महिने कासेला सुट्टी,
मग एप्रिल, चीक पहिल्या तासात पाजायचा. लिहिलं.
"बुधवार येतो."
"मग नाव जुमातानो," मी म्हणालो.
"बुधवारी वेळायचं असं तिला कुणी सांगितलंय?"
असं म्हणून तिनं चहात दूध ओतलं, जरा जास्तच,
आणि माझ्या धुतलेल्या हाताकडे पाहून
कप दुसऱ्या हातात दिला.