साचा तोच

खाटेवर तीन डिस्क मांडून बसलोय.
तिन्ही एकाच साच्यातल्या.
काठाखाली नख फिरवलं की कळतं,
तोच उतार, तीच बारीक रेघ
साच्याचे दोन भाग मिळाले होते तिथली.
सव्वीस वर्षं उद्यमनगरात डाय घासल्यात,
एवढं डोळे मिटून सांगता येतं.

फरक प्लॅस्टिकचा.

निळी काचेगत. उन्हात धरली
की पलीकडची बोटं दिसतात.
दगडावर आपटा, ओरखडा नाही.
हट्टी. उजवीकडं झुकवून सोडली
तरी शेवटी डावीकडंच जाणार.
वारं असलं की हीच घ्या मामा, इरफान म्हणायचा.
शेंडा पार्कात वारं रोजचंच.

पिवळी जरा चिवट, तळव्याला धरून राहते.
पण नवी आहे. तेल न पाजलेली कापशी चप्पल
जशी पहिला महिना आपलंच खरं करते,
तशी.

तिसरी कधीतरी लाल होती.
साधं प्लॅस्टिक, सगळ्यात स्वस्त.
शैलानं कोंबड्यांच्या पाण्याला नेली,
दोन उन्हाळे मी परत मागितली नाही.
काठ टोचून टोचून खरबरीत,
मधे पाण्याच्या क्षाराचं पांढरं कडं.

खांदा निखळून बसवला त्याला आता वर्ष झालं.
तेव्हापासून निळी बाभळीच्या अलीकडंच
डावीकडं कलंडते, गवतात बसते.
मी वाऱ्याला बोललो. बुटांना बोललो.
इरफाननं सायकलच्या रिमला साखळ्या लावून
बास्केट केलंय, तेच तिरकं आहे म्हणालो.
त्याची निलोफर, तेरा वर्षांची, डिस्क आणून देताना म्हणाली,
‘डिस्क बरोबर हाय मामा.
ती जोरात टाकणाऱ्या माणसासाठी हाय.’

इरफान तिच्यावर डाफरला.
मी बुटाची नाडी बांधत बसलो,
बांधलेलीच होती.

आज पहाटे लाल घासली. राख, काथ्या.
कडं गेलं नाही.
बाभळीसमोर उभा राहिलो आणि
खांदा जेवढं देतो तेवढंच मागितलं.
ती उजवीकडं निघाली,
गेली, म्हटलं, आता नाल्यात,
मग काहीतरी आठवल्यागत
हळूच सरळ झाली,
बाभळ ओलांडली, थोडी डावीकडं आली
आणि बास्केटच्या चार पावलं अलीकडं
पालथी पडली.

साखळी वाजली नाही.
निलोफरनं शिट्टी मारली.

घरी शैला विचारते, कोंबड्यांचं पाणी कशात ठेवू?
निळी दिली.
छान आहे म्हणाली, तळ दिसतो.
आता कोंबड्या तिला टोचतायत,
टक, टक,
आणि ओरखडा उठत नाही.