भुक्त आणि भोग्य

बाबा अजून धुळपाटीवरच मांडतात.
काळी फळी, तिच्यावर मूठभर तांबूस धूळ,
सळईनं कोरायचं, तळहातानं पुसायचं.
माझा मोबाइल हेच उत्तर
एका शिंकेत देतो.
मी तो उशीखाली ठेवून
चिन्याचा पिवळा कागद उलगडून धरते.

खाली भक्तपूरच्या कुंभारचौकात
ओली मडकी उन्हाला पाठ करून बसलेली.
तिथूनच आलीय न्हुछेमाया प्रजापती,
भावाला मुलगा झालाय, नाव आत्यानं ठेवायचं.
कोपरापर्यंत सुकलेला चिखल,
हातात इस्पितळाची चिठ्ठी: पहाटे चार दहा.

चंद्र पुष्यात. म्हणजे शनी, एकोणीस वर्षं.
साठ घटकांतल्या पंचेचाळीस गेल्या,
पंधरा उरल्या.
बाबांची सळई थांबते:
भोग्य चार वर्षं नऊ महिने.
भुक्त चौदा वर्षं तीन महिने.

"भुक्त म्हणजे?"
"खाऊन झालेली."
"कुणी खाल्ली? पोर तर परवा जन्मलं."

बाबांनी साठ वर्षं हा हिशेब केला,
हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.
ते धुळीकडे बघत राहिले.
मीही.

तीच म्हणाली मग,
"आमच्यातही असतं तसं.
मोडलेलं कच्चं मडकं भिजवून पुन्हा मळतो आम्ही.
नव्याचं वय चाकावरनं नाही धरता येत."

आणि उठता उठता, दारातून:
"चार दहा नाही हो ते.
भैरवाची घंटा वाजली तेव्हाच रडला तो.
नर्सनं हात धुतले, पेन शोधलं, मग लिहिलं.
एक घटका तरी गेली असेल."

एक घटका.
तीनशे साठ दिवसांचं वर्ष धरून
शनीचे एकशे चौदा दिवस.
बाबांनी समजावलं, नीट, दोनदा:
मागे नेलंस तर कमी नाही होत,
वाढतो शनी पोराच्या पदरी.

"वाढू दे," ती म्हणाली,
"पण त्याचा त्याला असू दे."

बाबांनी अख्खी फळी पुसली.
पाच वर्षं, शून्य महिने, चोवीस दिवस.
मी शाईनं लिहून घेतलं.

रात्री उशीखालून मोबाइल काढला,
माझीच जन्मवेळ घातली.
सहा वाजून बरोबर शून्य मिनिटं.
एवढी गोल वेळ
कुणी, कुठलं पेन शोधून लिहिली असेल?
आई असती तर विचारलं असतं.