घेऊ शकेल

सकाळी नऊला कुलूप मी काढतो.
टेकडीवर तोवर ऊन चढलेलं असतं,
खाली फ्रीटाउनची पत्र्याची छपरं, त्यापलीकडे समुद्र,
आणि डॉक्टर ओमोलारा थॉर्प पायरीवर बसलेल्या,
मांडीवर उकडलेल्या भुईमूग शेंगांचा पुडा.
शेंगा आत चालणार नाहीत, मी म्हणतो.
अकरा वर्षं मी हेच म्हणत आलो.

त्यांना लागायची पेटी एकोणतीस.
वसाहत खातं, राज्यघटनेचे मसुदे, पहिला ते सातवा.
मी आणून ठेवायचो, टेबल पुसायचो.
डिसेंबरात वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला
की पुसून काही उपयोग नसतो.
कलमांवर तांबूस धूळ बसते, उपकलमांवरही.
धुळीला सगळे मुलूख सारखे.

मला वाटायचं, इतिहास म्हणजे लढाया.
बाई सात वर्षं एका वाक्यात मुक्कामाला होत्या.
तिसऱ्या मसुद्यात:
गव्हर्नर अंतर्भागातल्या प्रमुखांचा सल्ला घेईल.
चौथ्यात: घेऊ शकेल.
बस, एवढंच.
मधे कुणाच्या तरी शिसपेन्सिलीची
एक तिरकी रेघ.

"ब्रिमा," त्यांनी एकदा मोठ्यानं हाक मारली
(शांतता राखा, अशी पाटी आहे, मीच ठोकलेली),
"एक बाप म्हणाला फी भरीन,
दुसरा म्हणाला भरू शकेन.
तुला कुठला हवा?"
मी म्हटलं, माझा मी दोन वर्षांचा असताना गेला.
त्या गप्प झाल्या.
मग पुडा पुढे केला, तिथेच, टेबलापाशी.
मी चार शेंगा घेतल्या.

त्याच पेटीत तळाशी
आमच्या नदीकाठचा एक अर्ज होता, झोपडीवरच्या कराबद्दल.
एकशेबारा अंगठे, निळे, काही फासटलेले,
एक इतका लहान की पोराचा असावा.
कोपऱ्यात लाल शाईचा शेरा:
पाहिले. दप्तरी दाखल.
मी तो अर्ज वर्षानुवर्षं उचलून ठेवत होतो,
बाहेरच्या दोऱ्याची गाठ तेवढी ओळखत होतो.

ती रेघ कुणाची, हे शोधायला बाई लंडनला गेल्या.
मेलेल्या साहेबांच्या म्हाताऱ्या मुलींना पत्रं लिहिली.
एकीचं उत्तर आलं: वडिलांना तुमच्याकडचे डास आठवायचे,
आणि एक आंब्याचं झाड.
तीन माणसांवर संशय होता. तिघांची अक्षरं
त्या भिंगाखाली महिनोन्‌महिने घासत बसल्या.
शेवटी पुस्तकात, पान दोनशे सहा, खाली बारीक टाइपात:
ही रेघ कुणी मारली, हे ठरवता येत नाही.

मला राग आला. एवढ्यासाठी अकरा वर्षं?
एखाद्याचं नाव टाकायचं, कोण विचारायला येणार होतं!
त्या म्हणाल्या, "तेच तर त्यानंही केलं असेल,
कोण विचारायला येणार, म्हणून."

पुस्तकाची किंमत माझा तीन महिन्यांचा पगार.
दप्तरखान्याला एक प्रत आली, नोंद मीच केली.
बाई आता मुलाकडे असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.
वाळवीचं औषध दर सहा महिन्यांनी येतं
किंवा येऊ शकतं.

परवा मंत्रालयातून एक तरुण आला, इस्त्रीचा शर्ट,
बगलेत नव्या विधेयकाचा मसुदा.
जुने दाखले बघायचेत, म्हणाला. पेटी एकोणतीस.
खिशातून शाईचं पेन काढलं.
मी म्हटलं, इथे फक्त शिसपेन्सिल चालते,
नियम आहे.
त्यानं हसून माझीच मागून घेतली.

मी धूळ पुसण्याच्या निमित्तानं
टेबलाच्या पलीकडे उभा राहिलो.
उलटी अक्षरं मला वाचता येतात,
एवढ्या वर्षांत तेवढं शिकलो.
तो एका क्रियापदाशी थांबला होता.
पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं.
मी पुसायचं थांबलो
आणि त्याला विचारलं, साहेब,
नाव काय म्हणालात आपलं?