पंधरा निळ्या

फ्रीझरमधून काढलेला रोल
पिशवी न फोडता चार तास तसाच ठेवायचा.
घाई केलीस तर त्याला घाम फुटेल,
दमयंती तांडेल म्हणाली,
आणि घामेजलेलं कापड कुणाला धरत नाही.

भांडुपची शेड. मे महिना.
एसीने केव्हाच हात टेकलेले.
काळं कापड, रेझिन प्यालेलं,
कड नुसती लागली
तर हातमोजा सोडेना.
मी ओढलं. वीण वाकडी झाली.

"ओढू नकोस गं."
तिने बर्फाची पिशवी आणली,
चिकटल्या जागेवर टेकवून
उभी राहिली, खिडकीबाहेर बघत.
पाव मिनिट.
कापड आपणहून सुटलं,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून पदर सुटावा तसं.

मग मधून कडेकडे,
पट्टीने हवा हाकलत,
शून्य, पंचेचाळीस, नव्वद,
परत पंचेचाळीस.
वळणावर नखाएवढी चीर.
दर थराची निळी फिल्म सोलून डब्यात.

संध्याकाळी मोजल्या.
थर सोळा. फिल्म पंधरा.
पुन्हा मोजल्या.
पंधरा.
एक निळी आत राहिली असेल
तर अख्खं पातं भंगारात.
शेडमध्ये कुणी खोकलंही नाही.

तांडेलबाई वाकून
टेबलाखालची लादी बघत होती
आणि तिच्या पाठीवर, एप्रनच्या गाठीपाशी,
ती. निळी.
दुपारपासून, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"बर्फ लावू का?" मी विचारलं.
ती हसली नाही.
"आधी रजिस्टरात सोळा लिही."